पोतदारांचे चार डॉलर

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," मोरेश्वरराव म्हणाले आणि हातातली केकची बशी त्यांनी खुर्चीखाली सरकवून दिली, म्हणजे हातवाऱ्यांना जागा मोकळी. "आणि बसलाच, तर मी समजेन की सांगताना माझं काहीतरी राहून गेलं."

"काका, त्याची काळजी नको," लेकीची मैत्रीण विशाखा म्हणाली. "आम्ही किती वर्षं विश्वास न ठेवायची प्रॅक्टिस करतोय."

झूटरमेरच्या त्या घरात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. डच वाढदिवसाची रीतच तशी. पाहुणा येतो, गोलातल्या प्रत्येकाशी हात मिळवतो, आणि ज्याचा वाढदिवस त्याचेच नव्हे, तर त्याच्या आईचे, बापाचे, बाजूला बसलेल्या शेजाऱ्याचेसुद्धा अभिनंदन करतो. मग प्रत्येकाला केकचा एकेक तुकडा मिळतो आणि सगळे एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघत बसून राहतात. मोरेश्वररावांची मुलगी मृदुला आणि जावई राजन यांनी ही पद्धत नाइलाजाने उचलली होती. मोरेश्वररावांना मात्र ती पहिल्या दिवसापासून पसंत होती. नात एकवीस वर्षांची झाली म्हणून आजोबांचे अभिनंदन करणारा देश त्यांना फार समंजस वाटत असे. शिवाय गोलात बसलेल्या माणसाला मध्येच उठून जाता येत नाही. गोष्टी सांगणाऱ्याला याहून चांगली बैठक कुठे मिळायची?

दर उन्हाळ्यात ते पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर येत. पूर्वी पत्नी सुहासिनीबाई बरोबर असायच्या. आता टेबलावर त्यांचा फोटो होता, फोटोसमोर लाल मखमलीची डबी, आणि डबीत साखळीला अडकवलेले एक पिवळेधमक नाणे. जाण्यापूर्वी त्यांनी मृदुलाला बजावले होते, हे वैदेहीला द्यायचं, एकविसाव्या वाढदिवसाला, सगळ्यांच्या देखत.

वैदेही फोटोच्या शेजारीच पाय पोटाशी घेऊन बसली होती. डेल्फ्टला शिकणारी मुलगी. मराठी सगळे समजायचे, पण उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये यायचे. मराठी निघायचे ते फक्त आजीशी. लहानपणी सुट्टीत पुण्याला गेली की आजीच्या कानाची चिरलेली पाळी चिमटीत धरल्याशिवाय ती झोपत नसे. अजूनही विचारात पडली की तिचा अंगठा आणि बोट नकळत हवेत काहीतरी चोळत राहत.

"तर अठराशे एकोणऐंशी साल," मोरेश्वररावांनी सूर लावला. "अमेरिकेला वाटलं, जगभर चालेल असं एक सोन्याचं नाणं काढावं. चार डॉलरचं. फ्रान्सच्या वीस फ्रँकला, यांच्या आठ गिल्डरला, सगळ्यांना साधारण सारखं पडेल असं. राजन, सांग विमरावांना. आठ गिल्डर म्हणावं."

राजन रॉटरडॅमला बंदरावरच्या एका कंपनीत कंटेनरांचे सॉफ्टवेअर सांभाळायचा. सासऱ्यांच्या गोष्टींचे भाषांतर हे त्याचे बिनपगारी काम होते. त्याने सांगितले. शेजारचे व्हिम, म्हणजे मोरेश्वररावांचे विमराव, निवृत्त ट्रामचालक. युरो आला तेव्हा या गृहस्थांनी गिल्डरचे सुतक पाळले होते आणि तेव्हापासून घरात जुन्या नाण्यांची कपाटे भरली होती. "आठ गिल्डर," त्यांनी डचमध्ये मान लववून म्हटले, जणू कुणा दिवंगत मित्राचे नाव निघाले.

"एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला चांदणी. थोडी नमुन्याची नाणी पाडली आणि त्यांच्या लोकसभेपुढं ठेवली. ते म्हणाले, नको. झालं. नाणं बाजारात आलंच नाही. पण नमुने? ते त्या सभासदांनी स्वतःच विकत घेऊन खिशात घातले! त्यातही दोन तऱ्हा. एकीत बाईचे केस मोकळे, ती चारशेच्या वर. दुसरीत अंबाडा घातलेला, ती जगात वीस-पंचवीस असतील नसतील. आपलं अंबाड्याचं."

इथवर सगळे खरे होते. मोरेश्वररावांचा तसा नियमच होता. तळमजला खऱ्याचा बांधावा, मग वर कितीही माळे चढवता येतात.

"त्यातल्या एका सभासदानं हे दिलं एका गायिकेला."

व्हिमने भाषांतर ऐकले आणि हसून काहीतरी जोडले. राजनचे कान लाल झाले.

"काय म्हणतायत?" मृदुलाने विचारले.

"म्हणतायत की... गायिका नव्हत्या त्या. म्हणजे, त्या सभासदांच्या ओळखीच्या बायका होत्या. गळ्यात घालायच्या. तशी वदंता आहे म्हणे. म्हणून उरलेल्या बऱ्याच नाण्यांवर वरच्या बाजूला कडीचा डाग सापडतो."

"आमची गायिकाच होती," मोरेश्वरराव ठामपणे म्हणाले. "वाढदिवसाच्या घरात गायिकाच असते. तर ती निघाली रॉटरडॅमला. बोटीचं भाडं आठ गिल्डर. हिच्याकडं हे एकच नाणं. कप्तानानं घेतलं. पुढं कप्तान मुंबईला निघाला, वाटेत चाचे आले, यानं नाणं गिळलं..."

"गेल्या वर्षी कप्तान पोर्तुगीज होता," विशाखा म्हणाली. "आणि तेव्हा त्यानं ते बुटात लपवलं होतं."

"बुटात आधी लपवलं. मग गिळलं."

"काका, आम्ही केक खातोय."

"म्हणूनच पुढचे अकरा दिवस मी गाळतोय. मुंबईला उतरल्यावर तो आला थेट माझ्या पणजोबांकडं. पोतदार म्हणजे नाणं पारखणारे. सगळे सराफ हात टेकून बसलेले. पणजोबांनी कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढली, डोळे मिटले आणि म्हणाले, 'कप्तान, हे नाणं नव्हे. हा नाण्याचा नुसता विचार आहे.' कप्तान रडला! मिठी मारून म्हणाला, ज्यानं ओळखलं त्याचं झालं, ठेव."

हे वाक्य मोरेश्वररावांचे फार आवडते होते. ते संपल्यावर ते नेहमी थोडे थांबत. आज थांबले तेवढ्यात व्हिमने सदऱ्याच्या खिशातून एक छोटे भिंग काढले, रुमालाने पुसले आणि तळहात पुढे केला.

"बघू का, विचारतायत," राजन म्हणाला. "आईंच्या गळ्यात असायचं ना, त्यामुळे कधी मागता आलं नाही म्हणे. खरं चार डॉलरचं नाणं त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलंय. लिलावात, काचेपलीकडून."

मोरेश्वरराव खुर्चीखालची बशी शोधायला वाकले.

खरे काय ते इथेच सांगून टाकलेले बरे, कारण त्यांच्या तोंडून ते बाहेर पडायचे नाही. पुण्याला नाना पेठेत पदके आणि ढाली बनवणारा एक कारखाना होता. तिथे मोरेश्वर पोतदारांनी उभी हयात ठसे कोरले. पोलादाच्या तुकड्यावर चित्र उलटे कोरायचे, पितळेच्या चकतीवर तो ठसा दाबायचा, की सुलटे पदक तयार. धावणारी मुले, एकमेकांना भिडलेले मल्ल, सुंदर हस्ताक्षरासाठी दौत आणि टाक. अर्ध्या जिल्ह्याच्या काचेच्या कपाटांत त्यांच्या हातचे काम आजही असेल. त्यावर शाळेचे नाव असते, देणगीदाराचे असते, जिंकणाऱ्याचे असते. कोरणाऱ्याचे नसते. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त गोष्टी सांगायला लागले.

मृदुला शाळेत असताना सुहासिनीबाईंच्या धाकट्या बहिणीने पुतळ्यांची माळ केली. सुहासिनीबाईंनी तोंडभर कौतुक केले, घरी आल्या आणि आरशासमोर आपल्या मोकळ्या गळ्यावर क्षणभर तळहात ठेवला. एवढेच. मोरेश्वररावांनी ते दारातून पाहिले. त्याच सुमारास, ढालींना नवी नक्षी हवी म्हणून मालकांनी रद्दीतून आणलेल्या एका परदेशी मासिकात त्यांना हे नाणे भेटले. बाजारात न आलेले, कुणाच्या हाताला न लागलेले. रविवारी कारखान्यात एकटे बसून त्यांनी त्याचा ठसा कोरायला घेतला. अक्षरे झाली, चांदणी झाली, अंबाडा झाला; पण त्या बाईचा चेहरा त्यांना काही पसंत पडेना. ती कुणाचीच कुणी वाटत नव्हती. मग त्यांनी मासिक मिटले आणि जो चेहरा त्यांना न बघताही दिसायचा, तो कोरला. एकच पितळी छाप काढली, तिला सोन्याचे पाणी दिले, वर कडी बसवली आणि ठसा कानशीने घासून सपाट करून टाकला. घरी सांगितले, पणजोबांच्या पेटीत सापडलं. सुहासिनीबाईंनी कप्तानासकट सगळी गोष्ट ऐकून घेतली, "हो का?" म्हणाल्या, आणि नाणे गळ्यात घातले.

चाळीस वर्षे झाली. घामात, साबणात, लग्नामुंजींत ते त्यांच्या गळ्यात होते, आणि कुठेही पितळ उघडे पडले नाही. मोरेश्वररावांनी दिलेले पाणी जसेच्या तसे! कारखान्यातल्या इतर पदकांचा मुलामा चार पावसाळ्यांत उडायचा. या एकाचा उडाला नाही, याचा त्यांना इतका अभिमान होता की कुणाला सांगता येत नसल्याने तो पोटात मावत नसे.

आणि आता विमरावांचा तळहात समोर होता. नाणे पितळेचे निघाले, तर वैदेहीच्या गळ्यात आजीचा दागिना नव्हे, आजोबांची थाप पडणार. आणि फोटोतली बाई जन्मभर फसली, हे गोलातल्या प्रत्येकाला केक खाता खाता कळणार.

"त्याआधी कप्तानाचं पुढं काय झालं ते..." त्यांनी सुरुवात केली.

"बाबा, द्या ना त्यांना," मृदुला म्हणाली आणि स्वतःच डबी उचलून व्हिमच्या हातात ठेवली.

व्हिमने नाणे साखळीतून मोकळे केले. तळहातावर जरा तोलले. भुवई किंचित वर गेली. भिंगातून आधी बाई पाहिली. मग पुस्तकाचे पान उलटावे तसे नाणे उलटले, पुन्हा सुलटे केले, पुन्हा उलटले. मग सावकाश, प्रत्येक शब्द जपून, डचमध्ये बोलत राहिले. वैदेहीने मान वर केली. राजनने घसा साफ केला.

"ते म्हणतायत, की... फार वेगळं आहे."

"राजन, सरळ सांग," मोरेश्वरराव म्हणाले. "मी काही तुझं सॉफ्टवेअर नाही, एका धक्क्यात बंद पडायला."

"म्हणतायत, अमेरिकेचं नाणं असं पानासारखं उलटलं, की मागची बाजू डोक्यावर उभी दिसते. यांचे गिल्डरसुद्धा तसेच. पण याची अक्षरं सरळच राहतात. असं... असं पदकात करतात म्हणे. छातीवर फिरलं तरी उलटं दिसू नये म्हणून."

मोरेश्वरराव नाण्याकडे बघत राहिले. मासिकात दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी-शेजारी छापलेले होते, दोन्ही सरळ. एकमेकांच्या पाठीवर ते कसे बसतात हे कुणी लिहिले नव्हते, आणि त्यांच्या हाताने न विचारता तेच केले होते जे तो रोज करायचा. चूक कसली, सवय. इतक्या वर्षांत ती त्यांच्या ध्यानातही आली नव्हती.

पण गोष्टी सांगणारा माणूस पडला तरी पायांवर पडतो.

"अहो, हीच तर गंमत!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "नमुना म्हणजे काय? करून बघायचं! टांकसाळीतल्या लोकांनी एकदा चांदणी अशी लावून बघितली, एकदा तशी. बाकी सगळी उलटी राहिली. अख्ख्या अमेरिकेत ताठ उभी चांदणी एकच, आणि ती पोतदारांकडं! विचार त्यांना, असं होऊ शकतं की नाही?"

राजनने अपराध्यासारखे विचारले. व्हिमने विचार केला, आणि मग, आश्चर्य म्हणजे, मान डोलावली.

"होऊ शकतं म्हणे," राजन चकित होऊन म्हणाला. "त्या काळात टांकसाळीतले अधिकारी ओळखीच्या संग्राहकांसाठी काय काय चमत्कारिक नमुने पाडून द्यायचे. तांब्यात, अॅल्युमिनियममध्ये सुद्धा. कुठं नोंद नाही, काही नाही."

"ऐकलंत?" मोरेश्वररावांनी गोलावरून विजयी नजर फिरवली. विशाखाने हात जोडले. बुडता बुडता गलबत किनाऱ्याला लागले होते.

पण व्हिमचे संपले नव्हते. त्यांनी भिंग पुन्हा बाईच्या चेहऱ्यावर धरले, आणि या वेळी ते बोलले ते राजनकडे नव्हे, मोरेश्वररावांकडे बघून. दोघे गेली काही वर्षे कालव्याकाठी रोज एकत्र फिरत आणि आपापल्या भाषेत बोलत. एकमेकांचे शब्द कळत नसत आणि दोघांचे काही अडत नसे. आजही मोरेश्वररावांना शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. एखाद्याच्या घरी जाऊन त्याच्या मुलाचे कौतुक करताना लागतो, तसा.

भाषांतर वैदेहीने केले, तिच्या पद्धतीने. "व्हिम म्हणतो, पुस्तकातली लेडी सुंदर आहे, पण तिला कोणी ओळखत नाही. शी इज नोबडी. या लेडीला कोणीतरी ओळखत होतं. ज्यानं हे केलं तो मास्टर होता. ट्वेंटी इयर्स तो कॉइन्स बघतोय, पण असं... असं जिवंत नाही बघितलं." तिने पुन्हा व्हिमकडे कान दिला. "फक्त कानाच्या पाळीला एक चीर आहे म्हणे. बहुतेक ठशातच खोट असेल. आणि तो विचारतोय, कोण होता तो? कोणी केलं?"

सगळे मोरेश्वररावांकडे बघत होते.

कोणी केलं? सबंध आयुष्यात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. बक्षीस समारंभांत नाही, कारखान्यात नाही, निवृत्तीच्या दिवशी मालकांनी नारळ हातात ठेवला तेव्हाही नाही. उत्तर जिभेच्या टोकावर आले. एका शब्दाचे तर होते. पण तो शब्द उच्चारला की टेबलावरच्या फोटोतली बाई पितळ मिरवत जगली असे ठरणार. त्यांनी फोटोकडे पाहिले आणि शब्द गिळला. कप्तानाने नाणे गिळले तेव्हा त्याला केवढे जड गेले असेल ते त्यांना पहिल्यांदाच कळले.

"होता एक अमेरिकन," ते म्हणाले. "दाढीवाला."

"पुढं काय झालं त्याचं?" विशाखाने विचारले. तिचा आवाजही आज चिडवणारा नव्हता.

इथे मोरेश्वररावांनी एरवी वादळ आणले असते, नाहीतर निदान एखादा तुरुंग. "काही नाही," ते म्हणाले. "बायको चांगली मिळाली होती. सुखानं राहिला."

वैदेहीने व्हिमच्या हातून नाणे आणि भिंग घेतले. खिडकीशी गेली. बराच वेळ पाठमोरी उभी राहून ती भिंगातून बघत होती. तिचा मोकळा हात खाली लोंबत होता, आणि त्याचा अंगठा आणि बोट हवेत हळूहळू काहीतरी चोळत होते.

"आजोबा," ती म्हणाली. "ते दुकान कुठं होतं? रविवार पेठेत?"

"कुठलं गं?"

"आजी मला न्यायची. ऑलमोस्ट एव्हरी ट्रिप. तिथले काका हे पाण्यात बुडवायचे. जाताना इथं कडेला ब्राउन असायचं, आणि येताना सगळं यलो. आजी मला बर्फाचा गोळा घेऊन द्यायची, म्हणजे मी सांगू नये म्हणून."

"काय सांगू नये?" मृदुलाने विचारले. तिचा हात आधीच तोंडाशी गेला होता.

वैदेहीने डोळे बारीक करून आठवले. आणि मग तिच्या तोंडून आजीचे वाक्य आजीच्याच ठसक्यात, एकही शब्द न अडखळता आले. "'आजोबांनी दिलेलं पाणी कधी उतरत नाही. त्यांना असंच वाटू दे हो.'"

मोरेश्वरराव खुर्चीत ताठ बसले होते. त्यांचा चाळीस वर्षांचा अभिमान, तो न उडालेला मुलामा, रविवार पेठेतल्या कुणा मुलामेवाल्याचा निघाला होता. खरे म्हणजे त्यांनी खचून जायला हवे होते. पण छातीत काहीतरी भरून वर येत होते, आणि ते इतके मोठे होते की त्याला कुठली गोष्ट पुरेना. तिला माहीत होते. कप्तान, गायिका, पणजोबा, "हो का?" म्हणताना सगळे माहीत होते, आणि ती दर वर्षी-दोन वर्षांनी, पदराखाली झाकून, त्यांची थाप नवी करून आणत होती.

व्हिमने राजनला काय चाललंय म्हणून हळूच विचारले. राजनने मान हलवली; याचे भाषांतर त्याला जमणार नव्हते.

"अगं, ते अमेरिकन सोनंच तसं," मोरेश्वरराव म्हणाले. जीभ सवयीने चालू लागली. "चार डॉलरच्या सोन्यात त्या लोकांनी तांबं घातलं होतं, आणि तांब्याला समुद्राची हवा लागली की दर दोन वर्षांनी त्याला..."

वैदेही गोलाच्या मधोमध येऊन उभी राहिली. साखळी तिने गळ्यात घातली होती. नाणे उलटे फिरले, पुन्हा सुलटे झाले, आणि दोन्ही वेळा ताठ उभे राहिले. तिने ते चिमटीत धरले, बरोबर त्या चिरेवर अंगठा ठेवून.

"खोटं, आजोबा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ मराठीत. "हा आजीचा कान आहे. आणि हे तुम्ही केलंय."